स्वभावाची सबब

सणासुदीच्या दिवसांत संध्याकाळी जो कोणी नागपुरात व्हेरायटी चौकाकडून सीताबर्डीच्या मेनरोडवर शिरेल, त्याला पन्नास पावले चालण्याच्या आत डझनभर नातलग लाभतात. रस्त्याच्या कडेला ओढण्या नि चादरी मांडून बसलेला विक्रेता, जिचे तोंड त्याने जन्मात पाहिलेले नाही अशा बाईला 'ताई' म्हणून साद घालतो, तिच्यासोबतच्या वृद्धेला 'मावशी' म्हणतो, आणि मागून पिशव्या सांभाळीत येणारा गृहस्थ काही न करता 'भाऊजी' होऊन बसतो. "पाहून तर घ्या ना ताई, घेनं न घेनं तुमच्या हातात," हे वाक्य इतक्या जिव्हाळ्याने उच्चारले जाते की पुढे निघालेल्या बाईला क्षणभर अपराध्यासारखे व्हावे. हा धंद्याचा शिरस्ता आहे हे ताईलाही ठाऊक असते आणि भावालाही. तरीही ती थांबते.

ती का थांबते, याचा उलगडा करू पाहणारे जे शास्त्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभे राहिले त्याला उत्क्रांतिमानसशास्त्र म्हणतात. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज जीवशास्त्रज्ञाने गणित मांडून असे दाखविले की जो प्राणी स्वतः झीज सोसून आपल्या रक्ताच्या नातलगांचे भले करतो, त्याची ती परोपकारी वृत्ती त्याच्याबरोबर लयास जात नाही. कारण तीच वृत्ती ज्यांच्या अंगी असण्याचा संभव अधिक, ते नातलग जगतात आणि ती पुढे चालवितात. अट एवढीच, की नाते जितके लांबचे तितका त्यांना होणारा लाभ मोठा असला पाहिजे. या कल्पनेचे बीज जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या डोक्यात आधीच होते, आणि दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी आपण जीव द्यायला तयार आहोत असे ते थट्टेने म्हणत, अशी आख्यायिका सांगतात. (हे हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून आपल्याकडे राहावयास आले, आणि हॅमिल्टनचे गणित छापले गेले त्याच वर्षी भुवनेश्वरला निवर्तले.) परंतु गणित काही सांगो, मनापाशी रक्त तपासण्याचे कोणतेही साधन नाही. मानवजातीच्या आयुष्याचा फार मोठा भाग शिकार करीत आणि कंदमुळे वेचीत हिंडणाऱ्या लहान लहान टोळ्यांत गेला, आणि त्या टोळीत जे एका चुलीवर जेवले, एका आईच्या अंगावर प्यायले, ते बहुधा रक्ताचेच असत. तेव्हा मनाने खुणांवर विश्वास ठेवावयाची सवय लावून घेतली. सहवास ही खूण, बोलण्याची धाटणी ही खूण, नात्याने मारलेली हाक हीही खूणच. मेनरोडवरचा विक्रेता हॅमिल्टन वाचलेला नसतो, पण खूण ओळखतो.

हाच जिव्हाळा एका विशिष्ट उंबरठ्याशी येऊन मात्र थबकतो. गडचिरोली किंवा यवतमाळकडचा एखादा मुलगा स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी नागपुरात येतो आणि खोली शोधीत एखाद्या दारावर उभा राहतो. घरमालकीण त्याला बसावयास सांगते, पाण्याचा पेला पुढे करते, 'बेटा' म्हणते, गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी करते, भाडे आणि विजेच्या बिलाचे बोलणेही अर्ध्यावर येते, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारते, "आडनाव काय म्हणालास?" उत्तर ऐकल्यावर दोन क्षण कोणी बोलत नाही, आणि त्यानंतर ती खोली पुतण्यासाठी राखून ठेवल्याचे त्या माउलीला एकाएकी आठवते. हा प्रसंग कोणा एका घरचा म्हणून मी सांगत नाही. तो महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात, कोणत्याही पेठेत घडू शकतो आणि घडतो, हे वाचकाला मी सांगावयास नको.

या वर्तनाचा जाब विचारला तर पूर्वी रूढीचा हवाला मिळे, त्याआधी शास्त्राचा. अलीकडे सुशिक्षित घरांत एक नवी कैफियत दाखल होऊ लागली आहे, ती विज्ञानाच्या नावाने. माणूस मूळचा टोळीतला प्राणी, आपल्या टोळीवर प्रेम आणि परक्याविषयी संशय हे लक्षावधी वर्षांचे संस्कार, ते रक्तातच आहेत, मग त्याला कोण काय करणार, असा तिचा एकूण आशय. बोलणारा अर्धवट वाचलेला असतो, खोटारडा नसतो. आणि या अर्धवट वाचनातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, म्हणूनच ही सबब तपासून पाहणे अगत्याचे आहे.

खरा किती, ते हेन्री टॅजफेल यांनी दाखविले. हे गृहस्थ जन्माने पोलंडचे ज्यू. फ्रेंच फौजेतले कैदी म्हणून जर्मनांच्या छावणीत राहिल्यामुळे वाचले, आणि परतून पाहतात तो घरचे बहुतेक सारे नाहीसे झालेले. पुढे ब्रिस्टलला मानसशास्त्राचे प्राध्यापक असताना १९७० च्या सुमारास त्यांनी शाळकरी मुलांना काही चित्रे दाखवून सांगितले की तुमच्यातले काही क्ले या चित्रकाराची आवड असलेले आहेत, काही कँडिन्स्कीची. वस्तुतः गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा सांगितले नव्हते, आणि स्वतःला काही मिळवावयाचे नव्हते. तरी इतरांत थोडे पैसे वाटावयाची वेळ येताच त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढ्यावर भागले नाही. आपल्या गटाला एकंदरीत कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्या गटाहून अधिक मिळाले पाहिजे, असा पर्याय त्यांनी पुष्कळदा निवडला. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यांचे दफ्तर ज्यांनी चाळले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणजे विभागणीची हौस अंगभूत आहे. परंतु सबब सांगणारा ज्या ठिकाणी थांबतो, त्याच्या एक पायरी पुढे खरा प्रश्न आहे: विभागणारी रेषा कोठून जावी हेही का अंगभूत आहे? रॉबर्ट कुर्झबान, जॉन टूबी आणि लिडा कॉस्मिडीस या उत्क्रांतिमानसशास्त्राच्याच पुरस्कर्त्यांनी २००१ साली हा प्रश्न प्रयोगाला लावला. काळ्या आणि गोऱ्या खेळाडूंची छायाचित्रे व त्यांच्या तोंडी घातलेली भांडणाची वाक्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवून, कोणते वाक्य कोणाचे होते हे मागाहून विचारले असता, जे चुकत ते बहुधा एका काळ्याचे वाक्य दुसऱ्या काळ्याच्या, एका गोऱ्याचे दुसऱ्या गोऱ्याच्या नावावर टाकीत. म्हणजे नकळत वर्णाने वर्गवारी चाललेली असे. मग प्रत्येक संघात दोन्ही वर्णांचे खेळाडू घालून संघांना वेगवेगळ्या रंगांचे सदरे चढविले, आणि वर्णाने वर्गवारी करण्याची ती सवय थोड्याच अवधीत पुष्कळ ढिली पडली. मन आता सदऱ्यांवरून माणसे लावू लागले. ज्या देशात या वर्णभेदापायी यादवी युद्ध झाले, तेथे तो भेद एका सदऱ्यापुढे फिका पडावा, यातून निघणारा निष्कर्ष मला अत्यंत मोलाचा वाटतो. मन शोध घेते ते कोण कोणाच्या बाजूने उभा आहे याचा. त्वचा, आडनाव, भाषा ही समाजाने हाती दिलेली चिन्हे आहेत; समाजाने दुसरी दिली तर मन ती घेते.

याचा दाखला सीताबर्डीच्या टेकड्यांवरही आहे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेन्किन्स याच्या फौजेवर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याचा मारा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला. आपण तिला मराठे विरुद्ध इंग्रज म्हणतो. प्रत्यक्षात कंपनीच्या बाजूने टेकडीवर उभे होते ते मुख्यतः मद्रासकडचे शिपाई आणि बंगालचे स्वार. आणि भोसल्यांकडून ज्यांनी सकाळी चढून लहान टेकडी काबीज केली ते अरब. दारूगाड्याचा स्फोट होऊन त्यांच्यात गोंधळ उडाला आणि टेकडी हातची गेली. पुढे डिसेंबरात आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले, तरी हे समुद्रापलीकडून आलेले अरब नागपूर शहर सोडीनात. त्यांनी इंग्रजांचा एक हल्ला परतविला, आणि महिना संपता संपता सुखरूप जाऊ देण्याचा करार पदरात पाडून घेऊनच ते बाहेर पडले. धन्याने पक्ष सोडला, परक्याने सोडला नाही. रक्त, मुलूख, भाषा या कसोट्या येथे कोठे लावाव्यात, हे त्या सबब सांगणाऱ्याने मला समजावून द्यावे.

तरी जातीचे प्रकरण निराळे, ती हजारो वर्षांची, असे कोणी म्हणेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी याच विषयावर निबंध वाचला. हिंदुस्थानातले लोक वंशाने मिसळलेले आहेत. बाहेर लग्न करण्याची मूळ चाल येथे दृढ होती. तिच्यावर जातीतच लग्न करण्याचा निर्बंध लादला गेला तेव्हा जात उत्पन्न झाली. एका वर्गाने स्वतःची दारे बंद केली, इतरांनी काही अनुकरणाने आणि काही निरुपायाने तेच केले, हा त्यांचा सिद्धांत होता. शंभर वर्षे होत आली असताना, २०१३ साली, हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांवरून हिशेब केला, तो असा: साधारण चार हजार दोनशे ते एक हजार नऊशे वर्षांपूर्वीपर्यंत येथे भिन्न भिन्न समूहांची सरमिसळ मोठ्या प्रमाणावर चालू होती, आणि मग ती थांबत गेली. जी गोष्ट इतक्या उशिरा सुरू झाली तिला आदिमानवाच्या टोळीतला संस्कार म्हणता येत नाही. ती वहिवाट आहे, आणि वहिवाट माणसे पाडतात.

विज्ञानाचा शिक्का मारून अशी वहिवाट पवित्र करून घेण्याचा मोह मोठमोठ्या विद्वानांना झालेला आहे. १९३० च्या सुमारास इरावती कर्वे बर्लिनला मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत, त्यांच्या हाताखाली कवट्या मोजीत होत्या. कवटीच्या असमानतेचा संबंध वंशाच्या श्रेष्ठत्वाशी जुळावा अशी गुरूची अपेक्षा होती, आणि बाईंना मापांत तसा संबंध आढळला नाही. त्यांनी आढळला नाही असेच लिहिले. फिशरसारख्यांच्या वंशविचाराने पुढे जर्मनीत काय घडविले ते जगाने पाहिले. त्या संस्थेत बसून गुरूला न रुचणारे माप लिहिणाऱ्या या विद्यार्थिनीला मी फार मानतो.

ज्या बर्डीवर हा मजकूर रेंगाळला आहे, तिथेच पूर्वी महारपुरा नावाची वस्ती होती. तेथे १९३२ साली जन्मलेल्या वसंत मून यांनी आपल्या लहानपणाची हकिकत १९९५ साली 'वस्ती' या नावाने लिहिली, तीत गरिबी आहे तशीच आंबेडकरी चळवळीने एका मोहल्ल्याला दिलेली नवी ओळखही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन लाखो माणसांनी आपल्याला जन्माने चिकटविलेली खूण उतरवून ठेवली आणि स्वतः निवडलेली धारण केली. उतरविणाऱ्यांनी उतरविली; ज्यांनी ती चिकटविली होती त्यांच्यातले पुष्कळ जण आजही खोली भाड्याने देताना तीच चाचपून पाहतात, हे त्या दिवसाचे राहून गेलेले काम आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन खंडशः प्रसिद्ध करावयास घेतले तेव्हा संपादनाला हेच महारपुऱ्यातले वसंत मून होते, आणि पहिल्या खंडात पहिलाच लेख आहे तो १९१६ चा निबंध. लहानसाच आहे, सुटीच्या एका दुपारी वाचून होतो. तेवढा वाचावा, आणि ज्यांच्याकडे भाड्याची खोली असेल त्यांनी भाडेकरूला अनामत रक्कम विचारावी, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी मागावी, पोलीस पडताळणीचा अर्ज भरून घ्यावा. आडनाव त्या अर्जात येईलच. ते किल्ली दिल्यानंतर वाचावे.