पानांचा अन्वय

टॅरो नांवाच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणें ही विद्या आहे कीं भ्रम, हा वाद येथें वाढविण्याची आमची इच्छा नाहीं. हे पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत खेळासाठीं निर्माण झाले. १७८१ सालीं कूर द जेब्लँ या फ्रेंच पंडितानें त्यांचें मूळ प्राचीन मिसर देशांत असल्याचें प्रतिपादिलें, तें निराधार होतें. आमचा प्रश्न निराळा आहे: अनेक पानांचा मेळ घालून जो अर्थ निघतो, तो कोणाचा?

पानें अवघीं ७८; एकेकाचा अर्थ पाठ करणें कठीण नाहीं. पण तीन पानें क्रमानें मांडलीं कीं ४,५६,४५६ मांडण्या संभवतात. त्या पाठ कोण करणार? म्हणून शिकणाऱ्यास अन्वय लावावा लागतो. ए. ई. वेट यांनीं १९०९ सालीं लंडन येथें पामेला कोलमन स्मिथ यांच्या चित्रांसह जो संच सिद्ध केला, त्यांत १६ आंकड्याच्या पानावर वीज पडलेला मनोरा आहे, १७ वर ताऱ्यांखालीं पाणी ओतणारी स्त्री. मनोऱ्यामागून तारा आला, तर संकटानंतरची आशा; ताऱ्यामागून मनोरा आला, तर आशेचा भंग. पानें तींच, अर्थ उलटा.

आमच्या शास्त्रकारांनीं वाक्यार्थास आकांक्षा, योग्यता व संनिधि हीं अंगें आवश्यक मानलीं; कित्येकांनीं त्यांत तात्पर्य, म्हणजे वक्त्याचा अभिप्राय, हें चौथें घातलें. पहिलीं तीन पानांत कशींबशीं सांपडतील. चौथें सांपडणार नाहीं, कारण येथें वक्ताच नाहीं. पत्ते पिसणाऱ्या हातास कांहीं सांगावयाचें नसतें. ती उणीव वाचणारा आपल्या मनांतून भरून काढतो.

एरव्हीं हा निव्वळ करमणुकीचा विषय झाला असता. पण समोर आजारी मुलाची आई बसली आहे आणि १३ आंकड्याच्या, मृत्यूच्या, पानाशेजारीं तारा आला आहे, अशी कल्पना करा. जाणता वाचक तेथें देहान्त न वाचतां स्थित्यंतर वाचतो व तिला धीर देतो. धीर देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘पानें असें सांगतात’ हे शब्द त्यानें उच्चारूं नयेत. त्या भरंवशावर तिनें वैद्याकडे जाण्यास विलंब लाविला, तर जबाबदार कोण? पानें खास नव्हेत. ‘मला असें वाटतें’ एवढें म्हणण्याचें धैर्य ज्यास नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या आयुष्याचा अन्वय लावूं नये.

आणि हा नियम पत्त्यांपुरताच कां? घरांत नवी सून येते, वर्षाच्या आंत सासरा वारतो. दोन घटना शेजारीं मांडून कोणीतरी ‘पांढऱ्या पायाची’ असा अर्थ काढतें आणि वर दैवाचा हवाला देतें. घटनांचा संनिधि खरा असतो. तात्पर्य मात्र अर्थ लावणाराचें असतें.