अदमासाचे देणे

मागल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेतले. म्हणाले, "महाराज, वर्ष-दीड वर्ष विजेचे बिल अंदाजाने येत होते, ते आम्ही वेळच्या वेळी भरले. आता मीटर वाचून एकदम भला मोठा आकडा आला. ज्यांनी मोजलेच नाही, त्यांचे देणे आमच्या माथी कसे?" विचारताना त्यांचा आवाज उतरला होता. घरी त्यांनी सांगितलेही नव्हते. आम्ही "सवडीने बोलू" म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर तसलाच कागद आमच्याही घरी येऊन पडला होता.

आमचे मीटर ओसरीच्या आत. आम्ही वारीत नाही तर सप्ताहात, मुलगा-सून दिवसभर कामावर. मीटर वाचणारा येई तेव्हा दाराला कुलूप. मग बिलावर तसा शेरा आणि मागील सरासरीचे ६० युनिट. असे १४ महिने चालले. मध्यंतरी घरात कूलर आला, थंडीत गीझर आला, बिल मात्र जागचे हलेना. शेवटी प्रत्यक्ष आकडा घेतला गेला तेव्हा वापर निघाला २३१० युनिटांचा, आणि बिले भरलेली ८४० ची. राहिले १४७०.

पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना पर्वतावरचा धूर आणि अग्नी यांचा दृष्टांत आम्ही घोकला. अनुमानाला व्याप्ती लागते. जेथे धूर तेथे अग्नी हे अबाधित असेल तरच अनुमान उभे राहते. सरासरी बिलाची व्याप्ती एवढीच, की जसा मागचा महिना तसाच हा. ज्या दिवशी गीझर भिंतीवर चढला त्या दिवशी ती व्याप्ती तुटली. कंपनीला हे ठाऊक नव्हते. आम्हांस होते. अंदाज त्यांचा असेल, पण तो खोटा ठरल्याचे ज्ञान आमच्या घरात होते आणि आम्ही गप्प बसलो. हाच अंदाज ६० ऐवजी २०० चा आला असता तर आम्ही गप्प बसलो असतो काय? दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या पायरीवर दिसलो असतो!

नाथमहाराजांची कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून रात्र जागवली, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. टाळीपाशी श्रोते डोलतात, आम्हीही डोलतो. पण पै शोधायला कोणी सांगितले नव्हते, हे आमच्या ध्यानी त्या बिलाने आणून दिले.

कोणी म्हणतात, दामाजीपंतांचे देणे पांडुरंगाने भरलेच ना? अहो, पंतांनी धान्याची कोठारे दुष्काळात उपाशी लोकांसाठी मोकळी केली आणि शिक्षा भोगायला ते तयार होते. आम्ही कूलरची हवा खाल्ली. तुकोबारायांनी खते इंद्रायणीत बुडवली असा दाखला देणारेही भेटतात. ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती, आणि त्यांतही धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन आपलाच तेवढा बुडवला, असे परंपरा सांगते. स्वतःचे देणे बुडवायला नदी कामास येत नाही.

कायद्याची गोष्ट वेगळी आणि तीही जाणून घ्यावी. विद्युत अधिनियम २००३ च्या ५६ व्या कलमात दोन वर्षांची मुदत आहे. थकबाकी सतत बिलात दाखवलेली नसेल तर त्यानंतर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चुकीने राहिलेली रक्कम मुदतीनंतरही मागता येईल, पण वीज तोडण्याचा बडगा उगारता येणार नाही. म्हणजे देणे राहते, धाक जातो. आम्हांस हे धर्मशास्त्राला धरूनच वाटले. आपल्या जुन्या ऋणविचारातही सावकाराला दामदुपटीचा बांध होता. व्याज मुदलावर जाऊ नये, पण मुद्दल फेडायचेच.

सगळ्यांना मात्र एकाच मापाने मोजू नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मीटर वाचणे थांबले आणि राज्यात हिवाळ्याच्या सरासरीने बिले गेली. जूनमध्ये वाचन झाले तेव्हा सगळा उन्हाळा एकदम अंगावर आला. लोकांचे काम गेलेले, पोरे घरात. त्यात कुणाचे मौन नव्हते. तेव्हा नियामक आयोगाने तीन हप्त्यांची सोय दिली, ते योग्यच झाले. मीटर न वाचणाऱ्याचाही दोष असतोच. ज्याचे काम मोजण्याचे, त्याने महिनोन्‌महिने कुलपाला हात लावून परतावे हे बरे नव्हे. म्हणून आम्ही त्या गृहस्थांना कळवले, की निमूट भरूही नका आणि बुडवूही नका. आधी घरी सांगा. लपवलेले देणे रात्री उशाशी येऊन बसते. मग मीटरवरचा आकडा स्वतः लिहून बिलाशी ताडून पाहा. सगळे युनिट एका महिन्याच्या नावावर चढवले असतील तर ते महिन्यांवर वाटून मागा, नाहीतर वरचा दर लागतो. हप्ते लेखी मागा. आकडाच मान्य नसेल तर हरकत नोंदवून पैसे भरता येतात, आणि ग्राहक गाऱ्हाणे मंचाचे दार उघडे आहे.

आमचे हप्ते चालू आहेत. सून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दिनदर्शिकेच्या चौकटीत मीटरचा आकडा लिहिते. मागल्या महिन्यात बिलावरचा आकडा मीटरपेक्षा ३० ने कमी निघाला. आम्ही कचेरीत जाऊन सांगितले. खिडकीतला तरुण हसला, म्हणाला, "बाबा, कमी आलंय, जास्त नाही. घरी जा." आम्ही म्हटले, "तेच सांगायला आलोय, लिहून घे." त्याने चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला.