वाचलेला दम

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं प्रचंड तळं आहे. विस्तार पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त, खोली मात्र कुठेच 42 फुटांच्या फारशी पुढे नाही. थंडीत ते गोठतं आणि काठचे लोक त्यावर चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून, गळ टाकून बसतात. तिथला मानाचा मासा वॉलआय. अंधारात उजेड पडला की त्याचे डोळे चमकतात.

या तळ्याकाठी एक आजोबा राहत. त्यांनी सगळा जन्म हाताच्या गिरमिटाने बर्फ पोखरला. एका हाताने वरची मूठ दाबून धरायची, दुसऱ्याने दांडा गरागरा फिरवायचा. मग एका हिवाळ्यात उजव्या खांद्याने साथ सोडली. डॉक्टरांनी गिरमिटाला हात लावू नका म्हणून सांगितलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण गळाची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. ते नातीला बघवेना. सुट्टीत काम करून साठवलेले पैसे घेऊन ती तळ्याकाठच्या दुकानात गेली. तिथे आमिषापासून स्लेडपर्यंत सगळं मिळे.

"बॅटरीवरचं सगळ्यात दणकट ड्रिल दाखवा. बर्फाचं गिरमिट लावायचंय," ती म्हणाली.

दुकानदार बाई उठल्याच नाहीत. "धरणार कोण?"

"आजोबा. आणि मी."

"खांदा दुखतो ना त्यांचा? मग ऐक. बर्फ तुटत असतो तोवर सगळं ठीक चालतं. पण भोक आरपार जाताना पातं खालच्या कडेला अडकतं. गिरमिट थांबतं, मोटर थांबत नाही. मग फिरतं ते ड्रिल, आणि ड्रिलबरोबर ते धरणारं मनगट. जितकं दणकट, तितका जोराचा हिसका."

"मग हलकं घेऊ?"

"अगदी हलकंही नको. घरात स्क्रू पिळायचं ड्रिल इथे तापून जळतं."

मग बाईंनी एक यंत्र काउंटरवर ठेवलं. 18 व्होल्टचं, ब्रशलेस मोटरचं, अर्ध्या इंचाच्या धातूच्या चकचं, आणि बाजूला लांब आडवी मूठ असलेलं. ती मूठ बाईंनी दोनदा आवळून दाखवली. "ही काढून ठेवायची नाही. हिसका ही मूठ झेलते. गिअर पहिला, म्हणजे फेरे कमी आणि जोर जास्त. हॅमर बंद. आणि ही कडी ड्रिलच्या खुणेवर, नाहीतर क्लच मध्येच घसरेल."

नातीची नजर 8 इंची गिरमिटावर होती. बाईंनी ते भिंतीवरच राहू दिलं आणि 6 इंची काढलं. भोकाचा व्यास 6 वरून 8 इंच झाला की कापायचा बर्फ जवळजवळ पावणेदोन पट होतो. तेवढा भार मोटरवर, बॅटरीवर आणि हातावर येतो. नेहमीचा वॉलआय 6 इंचांतून वर येतो. 

बॅटऱ्या दोन घ्यायला लावल्या, 5 अँपिअर-तासांच्या. कडक थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून एक यंत्रात आणि दुसरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गारठलेली बॅटरी घरी आणल्याबरोबर चार्जरला लावायची नाही, आधी तिला खोलीच्या उबेला येऊ द्यायचं. शेवटी बाईंनी गिरमिटाच्या दांड्यावर भोकापेक्षा रुंद अशी एक चकती बसवली. ड्रिल उलटं फिरवलं की चक कधी कधी सैल होतो आणि गिरमिट सुटून थेट तळाशी जातं. चकती असली की ते बर्फावरच अडकून राहतं. मला या खरेदीत हीच वस्तू सगळ्यात मोलाची वाटते, आणि सगळ्यात स्वस्तही तीच.

आजोबांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि संध्याकाळी पेटी माळ्यावरून खाली आली.

डिसेंबरच्या अखेरीस दोघं बर्फावर निघाली. गळ्यात, पाण्यात पडलंच तर बर्फात रुतवायच्या टोच्यांची जोडी, स्लेडवर दोरखंड. काठापाशी पहिलं भोक पाडलं. आजोबांनी दोन्ही हातांनी यंत्र धरलं, बर्फाचा चुरा भुरभुर वर आला आणि बघता बघता पाणी दिसलं. नातीने आकडी असलेली पट्टी भोकात सोडली, बर्फाच्या खालच्या कडेला अडकवली. 7 इंच. चालणाऱ्याला 4 इंच स्वच्छ बर्फ पुरतो, स्नोमोबिलला 5 ते 7 लागतो, असं राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा तक्ता सांगतो. पांढऱ्या, दुधाळ बर्फावर मात्र निम्माच भरवसा.

आजोबा खुलले. "एवढं सोपं? अगं, मग आज आपण थेट लांबच्या खडकाळ उंचवट्यापर्यंत जाऊ. तिथे मासा मोठा असतो."

"जाऊ की. पण दर दीडशे फुटांवर एक भोक पाडत."

"मी इतकी वर्षं कधी पाडली नाहीत."

"का पाडली नाहीत, आजोबा?"

आजोबा थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "दम लागायचा. काठाशी एक भोक पाडायचो आणि बसायचं तिथे एक. मधलं सगळं अंदाजाने."

"आता दम वाचतोय ना तुमचा? तो मधल्या भोकांना लावू."

आजोबांनी मान हलवली आणि दोघं मोजत निघाली. 7 इंच. पुढे साडेसहा. पुढे 6. प्रत्येक वेळी पट्टी आत, आकडा मोठ्याने. वारा बोचत होता. पहिली बॅटरी मंदावली तशी नातीने खिशातली ऊबदार बॅटरी चढवली. त्यानंतरच्या भोकात गिरमिट टेकलं न टेकलं तोच आरपार गेलं, इतकं झटकन, की चकती बर्फावर आपटली. नातीने पट्टी लावली. 3 इंच, त्यातला वरचा निम्मा थर पांढरा. वर भुसभुशीत हिमाचा जाड थर साचला होता; त्या पांघरुणाखाली पाणी नीट गोठलंच नव्हतं. वरून पाहिलं तर सगळीकडे सारखाच पांढरा पट्टा.

"मागे फिर. एकेकटं चालायचं, अंतर ठेवून, आलो त्याच पावलांवर," आजोबा हलक्या आवाजात म्हणाले.

सहा इंचांच्या भोकापाशी पोचली तोच शेजारी स्नोमोबिलवर येताना दिसला. माणूस मनाने चांगला, ड्रिल गावात सगळ्यात जोरदार, गिरमिट 8 इंची. एका श्वासात भोक पाडतो, म्हणून लोक त्याच्याभोवती जमत. नातीने दोन्ही हात हलवून त्याला थांबवलं.

"पुढे बर्फ पातळ आहे, काका."

"काठाशी मोजलाय मी. सात इंच आहे," तो म्हणाला. "आणि परवाच या वाटेने गेलोय."

नातीने वाद घातला नाही. "मग तुमच्याच यंत्राने मोजू. गाडी इथेच राहू द्या, आणि माझ्या शेवटच्या भोकाजवळ जाऊ नका."

तिने दोरखंड स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक आजोबांच्या हाती दिलं. शेजाऱ्याने मात्र दोर तिच्याकडून मागून घेतला आणि आपल्याच कमरेला आवळला. पातळ जागेच्या बऱ्याच अलीकडे, तिच्या दोन भोकांच्या मध्ये त्याने गिरमिट टेकवलं. त्याच्या यंत्राला काहीच वेळ लागला नाही. पट्टीवर साडेचार इंच आले. सगळा बर्फ स्वच्छ असता तर माणसाला पुरले असते, त्याच्या गाडीला तरीही नाहीत. तो गुडघ्यावर बसून भोकाची कड बोटाने चाचपत राहिला, पांढरा थर कुठे संपतो आणि निळसर कुठे सुरू होतो ते पाहत.

"तुझी पट्टी देतेस?" त्याने विचारलं. मग दोर सोडून आजोबांना दिला, गाडी तिथेच ठेवली, आणि काठाकडून येणाऱ्या दोन स्नोमोबिलच्या दिशेने पट्टी उंच धरून झपाझप चालू लागला.