बासनातला वारसा

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी घरभेटींसाठी गेलो होतो. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. दुबार पेरणी होऊनही कपाशी गुडघ्याला लागली नव्हती. एका घरी सत्तरीच्या मावशींनी चहा झाल्यावर आतून पत्र्याची पेटी आणवली. पेटीत दोन वस्तू जपून ठेवलेल्या होत्या : सोन्याच्या पुतळ्यांची माळ आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वही. माळ सासूकडून आलेली, वही सासऱ्यांची. सासरे गावोगाव पायी हिंडणारे धर्मशिक्षक होते. त्यांनी स्वहस्ते प्रार्थना व गीते लिहिली होती आणि शेवटच्या पानांवर घरातील जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू नोंदवले होते.

थोरल्या मुलावर सावकाराचे कर्ज होते. त्याला माळ मोडायची होती. धाकटा म्हणत होता, तिच्यात माझाही वाटा आहे. सासरी गेलेल्या मुलीला कोणी विचारलेच नव्हते. मावशींनी मला विचारले, "माह्या सासूची माळ हाये, फादर. इकली तं पाप लागन का मले?"

मी तत्काळ म्हणालो, "मावशी, सोने माणसांसाठी असते, माणसे सोन्यासाठी नसतात." उत्तर चुकीचे नव्हते, परंतु ते फार सोपे होते. पाप-पुण्याच्या शब्दांत मावशी एक जुना आणि अवघड प्रश्न विचारत होत्या. पूर्वजांकडून आलेली वस्तू कोणाची असते? ज्याच्या हाती ती आज आहे त्याची, ज्यांनी दिली त्यांची, की ज्यांना ती अजून मिळायची आहे त्यांची?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध वाटणारी उत्तरे आहेत. जुन्या करारात नाबोथाचा द्राक्षमळा आहाब राजाला भाजीच्या बागेसाठी हवा होता. राजा त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देण्यास तयार होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला आणि त्यापायी प्राण गमावले. नव्या करारात बर्णबाने आपले शेत विकले आणि आलेला पैसा गरजूंसाठी प्रेषितांच्या चरणी ठेवला. एकाने विकले नाही, दुसऱ्याने विकले, आणि आपण दोघांनाही नीतिमान मानतो. याचा अर्थ असा की, न्याय-अन्याय विकण्यात किंवा न विकण्यात नसून ती वस्तू कशासाठी हातची सोडली यात आहे. नाबोथाकडे वतन मागितले गेले ते एका बलवंताच्या लहरीसाठी. बर्णबाने शेत दिले ते भुकेल्यांसाठी. दोघेही स्वतःला मालक समजत नव्हते, राखणदार समजत होते. राखणदाराला कधी नकार द्यावा लागतो, कधी कोठार उघडावे लागते.

या कसोटीवर मावशींची माळ मोडण्यात पाप नव्हते. ज्या सासूने ती जपली, तिने अडीअडचणीसाठीच जपली असणार. आपल्या शेतकरी घरांतील सोने ही बायकांच्या अंगावरची तिजोरीच आहे. पाप शिरण्याची जागा वेगळी होती, ती म्हणजे वाटणी. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ आपल्या ख्रिस्ती घरांत मुलगा व मुलगी यांना सारखाच वाटा देतो. कायदा इतका स्पष्ट असूनही माळेची चर्चा मुलीला वगळून चालली होती. वतनाची वाटणी करून द्या म्हणणाऱ्या माणसाचा न्यायाधीश होण्याचे प्रभू येशूने नाकारले आणि लोभापासून सावध राहण्यास सांगितले. मीही वाटणी केली नाही. "लेकीला बोलावून घ्या," एवढेच सांगितले.

परंतु वाचकहो, त्या घरातून निघताना मला खरी चिंता लागली ती वहीची. माळेसाठी तिघांचे मन गुंतले होते, वहीवर कोणीच हक्क सांगितला नव्हता. ती उलगडून पाहिली तेव्हा कडा कसरीने खाल्ल्या होत्या आणि काही पाने एकमेकांना चिकटली होती. पोथी ज्या कापडात बांधतात त्याला आपण बासन म्हणतो आणि एखादी गोष्ट बासनात गुंडाळून ठेवली म्हणजे ती विसरली, असाही अर्थ घेतो. एकाच शब्दात जपणूक आणि विस्मरण या दोहोंना आपल्या भाषेने एकत्र बसवले आहे.

'ख्रिस्तपुराणा'चा इतिहास हेच सांगतो. इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रायतूर येथे १६१६ साली छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण वाचले, कारण गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते हातांनी उतरवून घेतले आणि घरोघर म्हटले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली. छापखान्याची प्रत गेली, गात्या माणसांची प्रत राहिली.

ही गोष्ट आमच्या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी घरचे बी राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवीत. पण मडके कितीही चांगले असले तरी बी दर हंगामाला पेरावेच लागे, कारण न पेरलेले बी काही वर्षांत मरते. २००२ साली बीटी कपाशी आली. तिचे संकरित बियाणे दर वर्षी दुकानातून आणावे लागते, आणि कपाशीचे घरचे बी बहुतेक घरांतून गेले. ते कोणी चोरले नाही. पेरणे थांबले, म्हणून ते संपले.

तेव्हा पुढच्या पिढीसाठी काय निवडावे, याचे माझे उत्तर असे : ज्या वस्तूबरोबर एखादे काम, एखादे गाणे किंवा एखादे नाव पुढे जाते, ती निवडावी. ती कोणाची, कोठून आली, हे चार ओळींत लिहून तिच्याजवळ ठेवावे. कागद प्लास्टिकमध्ये कोंडू नये, स्वच्छ सुती कापडात ठेवावा आणि अधूनमधून उलगडून पाहावा. ज्याला तिची किंमत कळते त्याच्यापेक्षा ज्याला तिचा उपयोग कळतो, त्याच्या हाती ती द्यावी. वापराने वस्तू झिजते, हे खरे. माझ्या आजीची जपमाळ मी कित्येक वर्षे कपाटात कुलूपबंद ठेवली आणि प्रार्थना दुसऱ्याच माळेवर केली. मावशींच्या घरून परतल्यावर ती बाहेर काढली. तेव्हापासून तिचा धागा दोनदा तुटला, दोनदा ओवून घेतला. आजीच्या हातीही तो तुटतच असेल.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावी पुन्हा गेलो. माळ मोडली होती. कर्ज सगळे फिटले नव्हते, पण सावकाराचे येणे थांबले होते. एक पुतळी मावशींनी मोडू दिली नव्हती, ती लेकीच्या गळ्यात होती. ओट्यावर दहावीतली नात दोनशे पानी वहीत पणजोबांची वही उतरवून घेत होती. शब्द अडला की आजीला विचारत होती. काही गीतांच्या चाली आजीला आठवत होत्या, त्या नात म्हणून पाहत होती. काहींच्या आठवत नव्हत्या. त्या गीतांचे शब्द तिने तसेच उतरवले होते आणि वर चालीसाठी एक ओळ मोकळी सोडली होती.