नवस नको, अधिष्ठान हवे



आषाढी पौर्णिमेनंतर वर्षावास सुरू होतो. या तीन महिन्यांत काय करणार, असे उपासकांना विचारले तर बहुतेक जण म्हणतात, "चांगले वागायचे, प्रगती करायची." इच्छा चांगली आहे. परंतु प्रगती म्हणजे नेमके काय, ती किती दिवसांत करायची आणि त्यासाठी उद्या सकाळी उठून काय करायचे, याचा त्यात पत्ता नसतो.

आपल्या आजी-पणजी नवस बोलत. मुलगा पास होऊ दे, कोंबडे देईन! नवसात मागणारे आपण आणि देणारा दुसरा. काम बिघडले तर दोषही त्याचाच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या घेणारा 'मी' आणि पाळणाराही 'मी'. असे असताना आज बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून कोणी "मला नोकरी लागू दे" असे पुटपुटत असेल, तर मूर्ती बदलली, मन मात्र जुनेच राहिले, असे म्हणावे लागते.

दहा पारमितांमध्ये अधिष्ठान ही एक पारमिता आहे. अधिष्ठान म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय. मात्र निश्चय दृढ असला तरी तो आपल्या शक्तीत बसणारा हवा. सोण नावाचा एक भिक्खू चंक्रमण करता करता पायांतून रक्त येईपर्यंत चालला. तरी फळ मिळेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच वीणेचा दाखला दिला. तारा फार ताणल्या तर सूर निघत नाही, सैल सोडल्या तरी निघत नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे. महिनाभर रात्रंदिवस अभ्यास करून पुढे पुस्तक मिटणाऱ्यापेक्षा रोज दोन तास वर्षभर बसणारा विद्यार्थी पुढे जातो.

बाबासाहेबांचे चरित्र पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. ध्येय स्पष्ट होते, मुदतही ठरलेली होती. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करताना त्यांनी पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. यात चमत्कार कोठे आहे? हिशेब आहे, काटकसर आहे आणि निश्चय आहे.

आता तुमचे पाहा. "कर्जमुक्त व्हायचे" एवढ्यावर थांबू नका. कोणाचे देणे आधी फेडायचे आणि दर पगारातून किती बाजूला काढायचे, ते वहीत लिहा. "मोठा साहेब होणार" म्हणणाऱ्या तरुणाने आधी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख पाहावी. मग सम्यक व्यायामाची चार अंगे लावावीत. जी वाईट सवय लागलेली नाही ती लागू देऊ नये, लागलेली सोडावी, नसलेली चांगली सवय लावून घ्यावी आणि लागलेली टिकवावी.

भिक्खुसंघ दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण करून आपले आचरण तपासतो. आपणही दर पंधरा दिवसांनी वही उघडावी. ठरविलेले झाले नसेल तर कारण शोधावे, पल्ला मोठा वाटला तर लहान करावा, पण वही मिटू नये.

शेवटी एक गोष्ट विसरू नका. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी आपली व्यथा बोलून दाखविली होती. खुर्ची मिळाली आणि वस्ती विसरली, तर ते ध्येय बौद्धाचे नव्हे. आपल्या वहीतील एक ओळ वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या अभ्यासासाठी राखून ठेवा.

या वर्षावासात एकच संकल्प करा, पण तो लिहून, तारीख घालून करा आणि पुरा करा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!