प्रतिमेचे दान आणि दात्याचा अधिकार

छायाचित्राच्या संदर्भात ‘अनुमती’ हा शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो : ज्याने ते काढले त्याला विचारले की नाही? मुक्त आशयाच्या संकेतस्थळांनी, विशेषतः विकिमीडिया कॉमन्सने, हा प्रश्न अतिशय काटेकोरपणे हाताळला आहे. आणि त्या काटेकोरपणामुळेच प्रश्नाची मर्यादाही उघड होते. ती मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पनवेल तालुक्यातील तळोजा या एकाच स्थळाशी जोडल्या गेलेल्या दोन प्रतिमा येथे विचारात घेतल्या आहेत.

प्रथम नियमांचे स्वरूप पाहू. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये छायाचित्र ही कलाकृती ठरते, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. नोंदणीची अट नाही. छायाचित्र निर्माण होते त्या क्षणी हक्कही निर्माण होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ मध्येच केली होती. कायद्याच्या लेखी मात्र निर्माता मृत्यूनंतरही साठ वर्षे आपल्या मालमत्तेवर बसून असतो. जे सर्वांना दिसते ते सर्वांचे असते हा समज म्हणूनच निराधार आहे.

२००४ मध्ये सुरू झालेल्या कॉमन्सवर जी चित्रे प्रताधिकारमुक्त आहेत किंवा ज्यांना मुक्त परवाना आहे तीच राहू शकतात. मुक्त याचा अर्थ असा की कोणीही, कोणत्याही प्रयोजनासाठी, व्यापारासाठीसुद्धा, बदल करूनही ते चित्र वापरू शकेल. ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ किंवा ‘केवळ विकिपीडियासाठी’ अशी अनुमती तेथे चालत नाही. हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी चित्र चढवणाऱ्यावर असते आणि रास्त शंका उरली तर चित्र काढून टाकले जाते. अनेकांना हा नियम उद्दाम वाटतो : सज्जन माणसाने मोकळ्या मनाने होकार दिला, तो पुरेसा का नसावा? पण नियमामागील विचार सखोल आहे. अटींनी बांधलेला होकार हा मालकीचाच सौम्य आविष्कार असतो. मुक्त परवाना संकेतस्थळाला दिलेला नसतो. तो पुढे कधीतरी येणाऱ्या अपरिचिताला दिलेला असतो. तालुक्याच्या गावी पुस्तिका छापणारा प्रकाशक दात्याला ओळखत नाही, त्याला विचारू शकत नाही, आणि विचारावे लागू नये यातच त्या दानाचे मोल आहे. म्हणूनच दिलेला परवाना परत घेता येत नाही.

मराठी वाङ्मयपरंपरेला ही कल्पना परकी नाही. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा कर्तृत्व सांगते, मालकी सांगत नाही. अभंग कोणीही गावा, उतरून घ्यावा, कीर्तनात विवरावा. नाव मात्र त्याच्याबरोबर चालत राहते. श्रेयनिर्देशाच्या अटीवर दिलेला आजचा परवाना याहून फारसा वेगळा नाही. मात्र याच मोकळेपणातून प्रक्षेपाचा प्रश्नही उद्भवला. एकाच्या मुद्रेखाली दुसऱ्याची रचना शिरली आणि नामदेवाच्या गाथेतील ‘विष्णुदास नामा’चे कोडे अभ्यासकांना दीर्घकाळ सोडवत बसावे लागले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. मुक्त संचार आणि संहितेचे रक्षण यांतील ताण आपल्याकडे असा जुनाच आहे. तथापि अभंगाच्या बाबतीत दाता आणि दानाचा विषय यांत फारशी फारकत नव्हती. कवी स्वतःचेच बोलणे देत होता. छायाचित्राचे तसे नाही. येथे देणारा एक असतो आणि जे दिले जाते त्यात दुसऱ्याचा चेहरा असतो.

आता त्या दोन प्रतिमा. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाचे कुत्रे दिसू लागले. त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्याशी संबंधित एका कारखान्यावर बंदीची कारवाई केली. कासाडी नदीच्या पाण्याविषयी स्थानिक मच्छीमार तक्रारी करीतच होते; त्या अर्जांना जे साधले नाही ते एका रंगाने साधले. येथे कारखानदाराची अनुमती घेऊन छायाचित्र काढावे असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांची संमती हवी हे तत्त्व सरसकट लावले तर सत्यच बंद पडेल.

दुसरी प्रतिमा जुलै २०२१ मधली. तळोजा मध्यवर्ती कारागृहात ऑक्टोबर २०२० पासून कच्चे कैदी असलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांचा ५ जुलैला मुंबईतील रुग्णालयात मृत्यू झाला. त्यानंतर रुग्णालयाच्या खाटेला साखळीने पाय बांधलेल्या एका वृद्धाचे छायाचित्र त्यांचे म्हणून सर्वत्र फिरले. ते त्यांचे नव्हते. ते उत्तर प्रदेशातील एटा येथील, नव्वदी ओलांडलेल्या एका कैद्याचे होते आणि मे महिन्यात काढलेले होते. ज्यांनी ते पसरवले त्यांतील बहुतेकांचा हेतू करुणेचाच असावा. पण त्या करुणेने दोघांवर अन्याय केला. स्टॅन स्वामींचे खरे भोग एका उसन्या चित्राने झाकले गेले, आणि त्यावर बोट ठेवून मूळ प्रश्नच खोटा म्हणण्याची सोय झाली. दुसरीकडे, ज्याचा पाय खरोखर बांधला होता त्या म्हाताऱ्याचे दुःख दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. तो जन्मठेपेचा कैदी होता, त्याच्यासाठी कोणी शोकसभा भरवणार नव्हते; त्याच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी तेवढी एक साखळी होती, तीही गेली.

प्रताधिकाराच्या परिभाषेत या हानीला नाव नाही. कलम ५७ निर्मात्याला आपल्या कृतीवर नाव असण्याचा आणि तिच्या बदनामीकारक विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा विशेषाधिकार देते. चित्रित माणसाला असा अधिकार त्या कायद्यात नाही. कलम १७ तर अधिक बोलके आहे. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर विरुद्ध करार नसल्यास पहिला मालक तो काढवून घेणाराच. म्हणजे स्टुडिओत पैसे मोजून बसणाऱ्याला आपल्या प्रतिमेची मालकी मिळते. खाटेला बांधलेल्याला ती मिळत नाही, कारण त्याने काही मोजलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले तेही ऑगस्ट २०१७ मध्येच. कॉमन्सही व्यक्तीचे हक्क हे प्रताधिकारापेक्षा वेगळे असल्याचे बजावते आणि ओळखू येणाऱ्या व्यक्तींच्या चित्रांबाबत स्वतंत्र मार्गदर्शन देते. परंतु परवान्याची चौकट भरली की नैतिक चौकटही भरली असे मानण्याकडे आपला कल असतो.

प्रतिमांच्या नीतीची चर्चा आपण सहसा घेणाऱ्याभोवती केंद्रित करतो : त्याने चोरले का, श्रेय दिले का? मुक्त परवान्याने घेणाऱ्याचे ओझे जवळजवळ उतरवले आहे. ते नाहीसे मात्र झालेले नाही. ते देणाऱ्याकडे सरकले आहे. जे परत घेता येत नाही ते देताना, यातले माझे किती, हा प्रश्न दात्याने स्वतःला विचारायला हवा. प्रकाश, चौकट, क्षणाची निवड हे त्याचे. दुसऱ्याची अगतिकता त्याची नव्हे. सत्तेचे वर्तन दाखवणाऱ्या चित्राला त्या सत्तेची संमती नको. जेथे दुर्बलाची दुर्बलता हाच चित्राचा विषय आहे, तेथे ती हवीच. ती मिळणे अशक्य असेल तर चेहरा झाकावा, नाहीतर चित्र अटींविना देऊ नये.

उरते एक साधे कर्तव्य, नोंदीचे. चित्र कोठले, केव्हाचे, कशाचे, हे संचिकेच्या वर्णनात लिहिण्याला आपण कारकुनी समजतो. एटाच्या त्या चित्राबरोबर त्याचे स्थळ आणि तारीख चालत राहिली असती, तर ते इतक्या सहजपणे तळोजाचे झाले नसते. नाममुद्रा कवीचे नाव सांभाळत आली. छायाचित्राला दुहेरी मुद्रेची गरज आहे : एक काढणाऱ्याची, दुसरी ज्या वस्तुस्थितीतून ते आले तिची. पहिलीची तरतूद परवान्यात आहे. दुसरी दात्याने स्वतःहून उमटवायची असते.