त्याना काय गुन्हा शे?

दिवाळीत मामेबहीण आमच्या धुळ्याच्या घरी आली होती. ती जळगावला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्या सेमिनारचा विषय मलेरिया. "प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम मलेरिया देतात," ती सांगत होती. आजी गहू निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पन त्याना काय गुन्हा शे?"

हीच आजी कणकेच्या गोळीत औषध भरून कोठीमागे ठेवते. मला हसू आलं. नंतर कळलं, तिचा हिशेब सरळ आहे. कोठीतल्या उंदरानं दाणे खाल्ले. प्रयोगशाळेतल्या उंदरानं आपलं काहीच खाल्लेलं नाही.

उलट आपणच त्याचं देणं लागतो. १९७१ साली तू यूयू या चिनी संशोधिकेच्या गटानं दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीचा अर्क मलेरिया झालेल्या उंदरांना दिला. रक्तातले परजीवी नाहीसे झाले. पुढच्या वर्षी तू यूयूंनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला. आजचं आर्टेमिसिनिन ते हेच.

दुसरी गोष्ट कडू आहे. मेंदूच्या मलेरियात उंदराला परजीवीइतकीच त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती मारते. ती खवळते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना इजा होते. दाह वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन अडवलं तर उंदीर वाचतात, हे १९८७ साली दिसलं. मग गांबियातल्या आजारी मुलांना तसंच औषध देऊन पाहिलं. त्याचे निष्कर्ष १९९६ साली आले. ताप लवकर उतरला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. वाचलेल्या मुलांत मेंदूचे दोष उलट जास्त राहिले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टेस्ट सर्व्हरवर नीट चाललेला कोड लाइव्ह गेल्यावर कोसळतो, हे आम्हाला रोजचं. पण टेस्ट सर्व्हरला ताप येत नाही.

प्रयोग बंद करा, असं मी म्हणू शकत नाही. सातवीत मलेरिया झाला तेव्हा या गोळ्या आधी कोणावर तपासल्या, हे मी विचारलं नव्हतं. पण गुन्हा नसलेल्याला शिक्षा द्यायचीच, तर प्रश्न असा हवा ज्याचं उत्तर त्याच्या शरीरातून मिळेल. परजीवी मरतो का, हे उंदीर बऱ्यापैकी सांगतो. आपलं शरीर कसं खवळेल, हे सांगताना तो चुकू शकतो. त्या चुकीची किंमत आधी तो भरतो, मग एखादं मूल.

बहीण वेळेअभावी गांबियाची स्लाइड काढणार होती. मी म्हटलं, "ती राहू दे."

तिनं ठेवली.